बैल चढवायची फळी

आमच्या घराचं जोतं गावात सगळ्यांत उंच होतं आणि आईला त्याचा भारी तोरा होता. पावसात बाकीच्यांच्या ओट्यावर पाणी चढायचं, आमच्या पहिल्या पायरीशी थबकायचं, हे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत बसायची. मला त्या जोत्याचा मनापासून राग यायचा. तापात माझे पाय गेले तेव्हा मी इतकी लहान होते की चालल्याचं मला आठवतही नाही. त्यामुळे जे गेलं त्याचं दुःख मी कधी केलं नाही. दुःख होतं ते पायऱ्यांचं. खाली अंगण, अंगणापुढे गाडीवाट, वाटेपलीकडे शाळा, आणि मी वर ओट्यावर, कुणी उचलून नेईल याची वाट बघत बसलेली. आई कामात, बाबा शेतावर, आणि दादाला वेळ असला की मूड नसायचा. "मला उचला रे कुनीतरी" हे माझ्या तोंडचं पहिलं पूर्ण वाक्य होतं, असं बाबा पाहुण्यांना सांगायचे आणि हसायचे. मला त्यात हसण्यासारखं काही सापडलं नाही. आता साठी जवळ आली तरी सापडलेलं नाही.

मग एका वादळात आमच्या बांधावरचा आंबा पडला. गावात जो तो म्हणाला, सरपणाला फोडा. बाबांनी ऐकलं नाही. बैलगाडीत घालून तो बुंधा मुरबाडच्या वखारीत नेला आणि दोन रुंद, लांब फळ्या कापून आणल्या. बाबा सुतार नव्हते. भात लावणारा माणूस. त्यांच्या हातात रंधा बघून आईने कपाळावर हात मारला. पण त्यांनी त्या फळ्या शेजारी शेजारी ठेवून खालून जोडल्या, वरून इतक्या घासल्या की हात फिरवला तर कुसळ लागू नये, आणि दोन्ही कडांना बोटभर उंचीची पट्टी मारली, चाक बाहेर घसरू नये म्हणून. वरचं टोक ओट्याला, खालचं अंगणात, मध्यावर खाली ऐनाच्या टणक ओंडक्याचा टेकू. बाजूला बांबूचा कठडा, हाताने धरून वर ओढून घ्यायला. गाडी दादाने दिली. तो कसाऱ्याला हायवेवरच्या गॅरेजात कामाला होता. तिथून जुनी बेरिंगं आणली आणि जेवायच्या पाटाला खालून चार चाकं बसवली. फळी बसल्यावर बाबांनी मला पाटावर बसवून सोडलं. मी खाली अंगणात पोचले आणि ओरडले, की आता तुम्ही बसा. ते गंमत म्हणून अर्ध्या फळीवर उभे राहिले तर ती अशी करकरली, की ते टुणकन उतरले. "ही माझ्यासाठी नाय केली गो," म्हणाले, "तुज्या वजनाची हाय ही. आंब्याची. हलकी."

त्या फळीचा वास अजून नाकात आहे. लाकूड कुजू नये म्हणून दादा गॅरेजातून जळकं ऑइल आणायचा आणि दर दिवाळीला बाबा ते चिंधीने चोपडायचे. आई चुलीवर भाकरी टाकत असायची, वालाचं बिरडं शिजत असायचं, त्या वासात हा ऑइलचा वास मिसळायचा, आणि आई बोलायची की घर आहे का मोटारीचा कारखाना. पण तिचाच कान त्या फळीकडे लागलेला असायचा. बेरिंगचा आवाज ओट्यावर एक, फळीवर दुसरा आणि अंगणातल्या मातीत बंद. तेवढ्यावरून मी कुठे आहे ते तिला घरात बसून कळायचं. शाळेत जाताना मी मुद्दाम सगळ्यांत जोरात सुटायचे. घर्रर्र करून खाली आले की वाट ओलांडून शाळेपर्यंत मंगी ढकलायची. मंगी म्हणजे शेजारची, माझ्याच वर्गातली. ती मला ढकलायची त्याचं कारण मैत्री असावं असं मला बरीच वर्षं वाटत होतं. कारण फळी हे होतं.

संध्याकाळी साऱ्या वाडीची पोरं आमच्या अंगणात असायची. घसरगुंडी तेव्हा आमच्याकडच्या कुठल्या शाळेतही नव्हती. आमच्या दारात होती. कुणी खताच्या रिकाम्या गोणीवरून घसरायचं, कुणी सुपारीच्या झावळीवरून, आणि ज्याच्यावर माझी मर्जी असेल त्याला पाटगाडी मिळायची. मी कठड्याला टेकून बसायचे आणि पाळी ठरवायचे. मी वाईट राणी होते, हे आनंदाने सांगते. करवंदं, चिंचा, बोरं, कुणाच्या घरचा भाजलेला पापड, असं काहीतरी हातावर पडल्याशिवाय मी कुणाला वर चढू दिलं नाही. मला "पांगळी" म्हणालेल्या एका धटिंगणाला मी आख्खा हिवाळा खाली उभं ठेवलं, आणि तो रोज येऊन उभा राहिला. दादाही कसाऱ्याहून आला की बाप्यासारखा बाप्या गोणी घेऊन रांगेत लागायचा, फळी करकरली तरी. त्याच्याकडून मी काही घ्यायचे नाही. बेरिंगं त्याची होती.

दादाच्या लग्नाचं निघालं ते माझ्या सातवीच्या वर्षी. वैशाखरे गावची मुलगी, नाव वनिता. तिचे वडील रामभाऊ, जनावरांचे शौकीन. मुरबाडजवळच्या म्हशाच्या जत्रेत त्यांची बैलजोडी बघायला माणसं थांबतात, अशी त्यांची ख्याती. आई-बाबा वैशाखऱ्याला जाऊन मुलगी बघून आले. आई खूश होती. रंगाने उजळ, कामाला वाघ, असं म्हणत ती दोन दिवस घरात गाणं गुणगुणत फिरली. मग तिकडून निरोप आला, की रविवारी आम्ही घर बघायला येतो. आमच्याकडे मुलगी पसंत पडली की मुलीकडचे घर बघायला येतात. जोतं किती, गोठ्यात काय, पाणी कुठून भरायचं, सगळं बघतात आणि मग होकार देतात. निरोप ऐकून आईचं गाणं बंद पडलं. दादा अंगणात उभा राहून फळीकडे बघत होता. मी फळीवर होते. मला वाटलं, माझ्याकडे बघतोय.

रविवारी सकाळी त्याने फळी काढली. ओंडका राहिला, बांबू उपटले, फळी उचलून गोठ्याच्या भिंतीला लावली. मी ओट्यावरून विचारलं, "कुठं नेतोस रे?" तो म्हणाला, "आजच्या दिवस गो. पावने येतात. त्यांना कशाला दावायचं?" काय दाखवायचं नाही ते मला लगेच समजलं. घरात पांगळं माणूस म्हणजे येणाऱ्या सुनेच्या गळ्यात जन्माचं लोढणं, आणि वर रक्तात असेल काय ही शंका. हा हिशेब मी लहानपणापासून ऐकत होते, फक्त दुसऱ्यांच्या घराबद्दल. बाबा बोलले, "अरे, लपवून किती दिस लपवनार?" दादा बोलला, "लगीन झालं का सांगू. मग काय करनार हायत?" आणि बाबा बैलांना पाणी दाखवायला गेले. आईने माझी पाटगाडी काढून घेतली, कारण तिचा आवाज होतो, आणि मला उचलून मागच्या खोलीत भाताच्या कणगीमागे पोत्यावर ठेवलं. हातात गूळ-शेंगदाणे दिले. "खोकू नको गो बाय," म्हणाली.

गावातून कुणी सांगेल याची भीती आमच्या घरात कुणालाही नव्हती. ही गोष्ट बाहेरच्याला पटत नाही, म्हणून सांगते. गावात भांडणं होती, बांधावरून डोकी फुटायची, पण पोराची सोयरिक जुळत असताना मध्ये काडी घालणं म्हणजे आख्ख्या गावाच्या पोरांची लग्नं अडवणं. त्यामुळे गाव गप्प. पोरांनाही तंबी मिळाली होती. ज्या मंगीला मी रोज बोरं उकळून गाडी द्यायचे, तिला पाहुण्यांनी वाटेत विचारलं, "ह्यांच्या घरात कोन कोन?" तर तिने सांगितलं, "आय, बापूस आनि पोरगा." हे तिनेच मला नंतर शाबासकी मिळवल्यासारखं सांगितलं.

कणगीमागे बसून मी कुडाच्या भिंतीतून सगळं ऐकलं. रामभाऊंचा आवाज मोठा, जनावरं हाकणाऱ्या माणसाचा असतो तसा. त्यांनी जोत्याची तारीफ केली तेव्हा आईचा तोरा परत आला. मग ते गोठ्याकडे गेले आणि त्यांची नजर फळीवर पडली. "ही कसली हो एवडी लांब?" मग दादाचा आवाज, अगदी सहज, "बैल चढवायची फळी. टेंपोत." रामभाऊ खूश झाले. आमच्याकडे जनावर टेंपोत घालायचं तर लोक टेंपो बांधाला मागून लावतात आणि जनावर सरळ आत हाकतात. स्वतःच्या मालकीची फळी ठेवणारं घर म्हणजे जनावरांत चांगलं मुरलेलं घर. "पन आडव्या पट्ट्या नाय मारल्या?" रामभाऊंनी विचारलं. "खूर घसरंल ना." दादा बोलला, "मारायच्या हायत. राहून गेल्यात." रामभाऊ हसले आणि म्हणाले, की सोयरा आमच्या जातकुळीचा भेटला. होकार तिथेच, गोठ्याच्या भिंतीपाशी झाला. कणगीमागे मला हसू आवरेना. माझ्या फळीने दादाचं लग्न जमवलं होतं.

पाहुणे गेल्यावर मी म्हटलं, लाव आता फळी. दादा म्हणाला, साखरपुडा होऊ दे. साखरपुडा माझ्याविना झाला, वैशाखऱ्याला. मग म्हणाला, ते लोक जाता-येता कधीपण टपकतात, लगीन होऊ दे. मी शाळेला कशी जाऊ? तर आई उचलून नेईल. आईने चार-सहा दिवस नेलं, मग भात झोडायला आलं आणि राहिलं. मी ओट्यावर. संध्याकाळी एक पोर अंगणात येईना. मी वाट बघितली, हाका मारल्या, सगळ्यांची पाळी फुकट देईन असंही ओरडले. फळीच नाही तर पाळी कशाची? मंगी वाटेवरून दुसऱ्या पोरींबरोबर शाळेत जायची आणि माझ्याकडे बघून हात हलवायची. तिचा मला आलेला राग अजून गेलेला नाही. मागे एका लग्नात भेटली, नातवाला घेऊन. मी हात हलवला.

आणि मग दादाने पट्ट्या मारल्या. रामभाऊ परत आले तर बघतील म्हणून. गोठ्यासमोर फळी आडवी टाकली आणि वरून खालपर्यंत वीत-वीतभर अंतरावर आडव्या पट्ट्या, लांब खिळ्यांनी. ठोकण्याचा आवाज मी ओट्यावर बसून ऐकत होते. आंब्याचं लाकूड, एकेका खिळ्याला चिरत होतं, मला इतक्या दुरून दिसत होतं. काम झाल्यावर तो जेवायला बसला. मी हातांवर सरकत, बुडावर आपटत पायऱ्या उतरले, पाटगाडी मागून ओढून घेतली आणि फळीच्या टोकाशी लावली. पुढची दोन बेरिंगं पहिल्या पट्टीला टेकली आणि थांबली. मी जोर लावला, पट्टीवर चढवलं, तर पुढे दुसरी. आई दारातून बघत होती. तिने मला तिथून उचललं, हातपाय धुतले, ताटात भाकरी वाढली आणि सुकट भाजून वर घातली, जी मला फार आवडायची. मी सगळी खाल्ली. भूक लागली होती.

शहापूरला राहते मी आता. मतदानाला शाळेत जाते तेव्हा दारात लाकडी फळी लावलेली असते, आमच्यासारख्यांसाठी. एक तरणा पोलीस चाकाच्या खुर्चीला हात लावायला पुढे येतो, "आजी, मी ढकलतो." मी त्याला थांबवते, वाकून फळीखाली बघते आणि मगच चढते. मध्याला टेकू नसेल तर मी पोरांकडून विटा आणून लावून घेते, मागे रांग लागली तरी. लोक म्हणतात, म्हातारी खडूस आहे. बरोबर म्हणतात.

पट्ट्या मारल्या त्याच हिवाळ्यात म्हशाची जत्रा लागली. दरवर्षी बाबा मला खांद्यावर घेऊन जायचे. घोंगड्यांचे ढीग, गोडी शेव, पाळणे, आणि माळावर नुसती जनावरं. त्या वर्षी मला नेलं नाही हे सांगायला नको. रामभाऊंनी तिथे एक खिल्लारी जोडी घेतली आणि दादाला निरोप धाडला, की तुमची फळी घेऊन या. गरज अशी काही नव्हती. टेंपो बांधाला लावून जनावर चढवता आलं असतं, सगळे तसंच करत होते. पण त्यांना चार भावकीतल्या माणसांना नव्या सोयऱ्याची फळी दाखवायची होती. दादाला नाही म्हणता येईना. त्याने फळी बैलगाडीत टाकली आणि बाबांना घेऊन गेला. ऐनाचा ओंडका अंगणातच राहिला. मी ओट्यावरून ओरडले, "टेकू राहिला रे!" गाडी वळली होती. दादाला ऐकू गेलं असावं असं मला वाटतं. पण बैल चढवायच्या फळीला टेकू असतो हे त्याने कुठे बघितलं होतं?

पुढचं मी डोळ्यांनी बघितलं नाही, पण इतक्या जणांनी इतक्या वेळा सांगितलं की मला पट्ट्या मोजता येतील. फळी टेंपोला लावली. माणसं जमली. रामभाऊंनी कासरा धरला, बैल पुढे झाला, पुढचे दोन पाय फळीवर, मग मागचे. मध्यावर आला आणि फळी कडाडली. खिळ्यांनी जिथे चिरली होती तिथेच मोडली. बैल खाली आला तो पुढच्या पायावर, आणि पाय गेला. असं जनावर उठत नाही. त्याला घेऊन जाणारे लोक जत्रेच्या कडेला उभेच असतात, कुणी बोलावलं नाही तरी पुढे येतात. सगळे बैलाकडे बघत होते, रामभाऊ फळीकडे बघत होते. त्यांनी मोडका तुकडा उचलला, दोन पट्ट्यांमधल्या जागेवर बोट फिरवलं आणि विचारलं, "ह्या रेगा कसल्या?" चाकांच्या रेघा होत्या, दोन, सरळ, वरपासून खालपर्यंत, वर्षानुवर्षं झिजून खोल गेलेल्या. "खुरानं अशा रेगा नाय पडत." आणि माझे बाबा, जे त्या सगळ्या महिन्यांत एक शब्द बोलले नव्हते, ते भर जत्रेत बोलले, "माज्या पोरीच्या गाडीच्या हायत. पाय नाय तिला. तिच्यासाटी केलेली फळी हाय ती."

हे ऐकून मला कोण आनंद झाला! दोन दिवस मी बाबांकडे नुसती बघत होते. वाटलं, आता सगळं सरळ होईल. सोयरिक मोडेल तर मोडेल, पण माझी फळी परत लागेल, नवी, ऐनाची, पोरं येतील, मी शाळेत जाईन. आई भांडी आपटत होती, आणि मी मनातल्या मनात कुणाला किती दिवस खाली उभं ठेवायचं ते ठरवत होते.

तिसऱ्या दिवशी रामभाऊ आले, भावकीतल्या तिघांना घेऊन. ओट्यावर बसले. आईने पाणी दिलं. ते म्हणाले, "पोरगी बगायला आलोय." आईला वाटलं चुकून बोलले. "बगितलीत की तुमची पोरगी आमी," ती म्हणाली. "माजी नाय. तुमची." मग आई आत गेली आणि तिने काय करावं? तिने पोहे टाकले. मुलगी बघायला लोक आले की पोहे करायचे, तिचे हात तेवढंच जाणत होते. कांदा चिरताना रडत होती. मला नवा परकर घातला, वेणी घातली, आणि उचलून बाहेर आणून पाटावर बसवलं. हे लिहिताना मला हसू येतं.

"नाव काय गो?" रामभाऊंनी विचारलं. मी सांगितलं. "कितवीला?" सातवीला. "सैपाक येतो?" भाकरी येते, म्हटलं. ते मान डोलवत होते, अगदी रीतीप्रमाणे. मग म्हणाले, "जरा चालून दाखव."

बाबा उठले. रामभाऊंनी हात वर केला. "बसा. तुमची बायको आली माज्या घरी. माजी वनिता चांगली धडधाकट पोर. तिला हिनं सांगितलं, दारापर्यंत जाऊन ये गो. गेली. आली. तर परत एकदा जाऊन ये. का? तर लंगडत नाय ना ते बगायला. माज्या दारात. आनि सवताच्या घरी हे लपवून ठेवलेलं." आईने पदर तोंडाला लावला होता. तिने ते केलं होतं, हे मला तिच्या डोळ्यांवरून कळलं. "आता आमची पाळी," रामभाऊ म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. "चाल."

मी चालले. पाटावरून उतरले, हात टेकले आणि ओटाभर गेले, पाय मागून ओढत, नवा परकर मातीत. दारापर्यंत गेले आणि वळून त्यांच्या पायांपाशी आले. त्या माणसाचे पाय आठवतात. टाचा फुटलेल्या, नखं काळी. भावकीतल्या एकाने तोंड फिरवलं. "परत," रामभाऊ म्हणाले. आई ओरडली, "पुरे झालं हो!" ते म्हणाले, "माजी बायकोपन हेच बोलली होती." मी परत गेले आणि आले. मला त्यांचा राग आला नाही, हे खरं आहे. त्या ओट्यावर त्या दिवशी खोटं न बोलणारा तो एकच माणूस होता, आणि दुष्टपणाही त्याने तोंडावर केला.

पोह्याची ताटली त्यांनी घेतली. दोन घास खाल्ले. मग म्हणाले, "साकरपुडा झाला, पंचक्रोशीला म्हाईत झालं. आता मोडलं तर माज्या पोरीचं नाव खराब. लगीन होईल. पन माजी पोर हिचं हगनंमुतनं काढनार नाय. ही ह्या घरात नको. शहापूरला अशा पोरांचं वसतिगृह हाय म्हनतात. लग्नाच्या आदी तिकडं टाका. नसंल जमत तर आताच सांगा, मी उटतो." मी दादाकडे बघितलं. बेरिंगं आणून देणारा माझा दादा. तो खांबाला टेकून उभा होता, म्हणाला, "जमंल."

बाबा माझ्याजवळ येऊन बसले. माझा परकर झटकला, माती झाडली. त्यांच्या हाताला अजून रंध्याचा एक जुना वण होता. मला वाटलं, आता बोलतील, जत्रेत बोलले तसे. आणि ते बोलले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तू सांग गो सुले. तुज्या मनावर हाय. तू नाय म्हन, मी आत्ता ह्या क्षनाला सोयरिक मोडतो. तुला इचारल्याबिगर मी काय करनार नाय."

मी तेरा वर्षांची होते. समोर दादा, ज्याचं लग्न मोडणार होतं. दारात आई, जिने आतल्या आत देवाला हात जोडले होते. ते माझ्यासाठी नव्हते. चार पाहुणे, पोह्याच्या ताटल्या हातात धरून थांबलेले. आणि बाबा माझ्या डोळ्यांत बघत होते, आणि त्या डोळ्यांत मला नाही म्हणायला जागा कुठेच नव्हती. विनवणी होती. ते माझी परवानगी मागत होते, मला घालवायची, आणि तीही माझ्याच तोंडून हवी होती, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की बापाने पोर टाकली. दादाने फळी काढली, रामभाऊंनी मला ओट्यावर रांगायला लावलं. या दोघांनी मला निदान काही विचारलं तरी नव्हतं.

"जाते," मी म्हटलं.

बाबांनी श्वास सोडला. तो इतका मोठा होता की पाहुण्यांनाही ऐकू गेला असेल. माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाले, "शानी माजी पोर ती." मग उठले, धोतर सारखं केलं आणि आईला हाक मारली, "आगो, चा टाक ना. पावने केवडे खोळंबलेत."